तांब्याच्या मुलाम्याचा कॉर्नेट

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत बॅंडच्या शिक्षकांनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगीं बोलण्यास विषयांची वाण नाहीं. देवळाचा पाया कसा घातला गेला, शाळा कशी उभी राहिली, पहिल्या धर्मगुरूंनीं पायीं किती गांवें पालथीं घातलीं, या विषयांवर अधिकारी वक्त्यांचीं व्याख्यानें आपण ऐकिलींच आहेत. त्यांच्या पंक्तींत मजसारख्या बॅंड शिकविणाऱ्या माणसानें फुंकून वाजविण्याच्या एका वाद्याविषयीं, आणि तेंही त्याच्या वरच्या मुलाम्याविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय समितीनेंच मजवर सोंपविला आहे, आणि त्यास कारण आहे.

आपल्या धर्मग्रामांतील एका कुटुंबानें, नांव जाहीर न करण्याच्या अटीवर, आईवडिलांच्या स्मरणार्थ बॅंडला देणगी देऊं केली आहे. त्यांची इच्छा अशी कीं, बॅंडचा जुना कॉर्नेट तांब्याच्या मुलाम्यानें मढवावा, त्याच्या भोंग्यावर वेलबुट्टी व महोत्सवाचें साल कोरावें, बोटें टेंकण्याच्या जागीं शिंपल्याच्या चकत्या बसवाव्या, आणि असा तो शृंगारलेला कॉर्नेट सणाच्या मिरवणुकींत सर्वांपुढें वाजावा. ही बातमी पसरतांच गांवांत दोन पक्ष झाले. एक पक्ष म्हणतो, याहून शोभिवंत स्मारक तें कोणतें? दुसरा म्हणतो, हा केवळ डामडौल आहे. मुलामा चढविल्यानें बेसूर वाद्य सुरांत येतें काय? त्यापेक्षां तोच पैसा मुलांच्या शिक्षणास कां लावूं नये? दोन्ही पक्षांत माझीं जिवाभावाचीं माणसें आहेत. आणि खरें सांगावयाचें तर दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून आज कॉर्नेट म्हणजे काय, त्याच्या अंगावर तांबें चढविल्यानें काय साधतें व काय साधत नाहीं, हें यथामति सांगून मग माझें मत आपणांपुढें ठेवितों.

प्रथम या वाद्याचें कुळ पाहूं. युरोपांत टपालाची गाडी गांवांत शिरतांना गाडीवान एक वाटोळें शिंग फुंकीत असे. फ्रान्स देशांत त्यास टपालाचें शिंग म्हणत. आणि कॉर्नेट या शब्दाचा अर्थही लहान शिंग असाच आहे. साध्या शिंगांतून कांहीं ठराविक स्वरच निघतात. मधले स्वर त्यांत नाहींत. बिगुल वाजविणारा शिपाई त्याच चारपांच स्वरांवर आपलें काम भागवितो, तें याच कारणानें. पुढें जर्मनींत श्टेल्त्सेल व ब्ल्यूमेल या दोन वादकांनीं नळीस झडपा बसविण्याची युक्ति काढिली व 1818 सालीं तिचा हक्क नोंदविला. थोड्याच वर्षांनीं पॅरिसच्या कारागिरांनीं ती युक्ति टपालाच्या शिंगास लाविली, आणि कॉर्नेट जन्मास आला. 1839 सालीं पॅरिस येथील पेरिने याने पिस्टनाची सुधारलेली रचना केली. आपल्या बॅंडमधील वाद्यांचे पिस्टन आजही बहुतांशीं त्याच घडणीचे आहेत.

ही रचना किती सुटसुटीत आहे पहा. मधला पिस्टन दाबला असतां हवेस थोडी अधिक नळी चालावी लागते व स्वर अर्ध्या पायरीनें उतरतो. पहिला दाबला असतां एक पायरी, आणि तिसरा दाबला असतां दीड पायरी. तीन बोटांच्या दाबण्या-सोडण्यानें नळीच्या सात लांब्या मिळतात. बाकीचें सर्व काम ओंठांचें व श्वासाचें. केवळ तीन बोटांवर सर्व स्वर हातीं येतात, म्हणून साधीं कष्टाळू माणसेंही हें वाद्य शिकूं शकलीं. इंग्लंडांत मँचेस्टर शहराच्या बेल व्ह्यू बागेंत 1853 सालीं पितळी वाद्यवृंदांची मोठी स्पर्धा सुरू झाली. अशा वृंदांत गिरण्यांत व खाणींत राबणारे मजूरच पुष्कळ असत, आणि त्यांच्या वृंदाचें पुढारपण कॉर्नेटाकडे असे. आपल्या बॅंडमध्येंही बागाईतदार, शिक्षक व रेल्वेचे नोकर आहेत. तेव्हां दिवसभर कष्ट करून संध्याकाळीं तालमीस येण्याची ही रीत आपण कांहीं नवी काढलेली नाहीं.

कॉर्नेट व ट्रंपेट यांत भेद कोणता, असें मला लग्नसमारंभांत वारंवार विचारण्यांत येतें. दोहोंच्या नळीची एकूण लांबी सारखीच, म्हणजे सुमारें साडेचार फूट, असते. परंतु ट्रंपेटची नळी बराच वेळ एकसारख्या रुंदीनें जाते व शेवटीं फांकते. कॉर्नेटची नळी आरंभापासून हळूहळू रुंदावत जाते, आणि तिला वेढेही अधिक असतात. त्याचा माउथपीसही आंतून अधिक खोल असतो. या कारणांमुळें ट्रंपेटचा आवाज तलवारीसारखा लखलखीत निघतो, तर कॉर्नेटचा आवाज मऊ, गोल, माणसाच्या गळ्याशीं मिळताजुळता असा असतो. इंग्रजी पद्धतीच्या कॉर्नेटमध्यें भोंग्याकडे जातांना नळीस जें गोल वळण दिलेलें असतें, त्यास कारागीर मेंढपाळाची आंकडी म्हणतात. महागुरुस्वामींच्या हातीं जो दंड असतो त्याचीच ती आकृति. प्रेतयात्रा दफनभूमीच्या फाटकांत शिरते व बॅंडचा ढोल थांबतो, तेव्हां एकटा कॉर्नेट जें गीत वाजवितो, तें ऐकून ज्यांचे डोळे भरून आले नाहींत असें कुटुंब आपल्या धर्मग्रामांत विरळा. कॉर्नेटचें खरें सौंदर्य आहे तें असें. आतां त्याच्या रंगाकडे वळूं.

तांबें हें आपणां मराठी माणसांस परकें नाहीं. पाणी तापविण्याचा बंब, न्हाणीघरांतील घंगाळ, देवघराशेजारीं ठेविलेला तांब्या, या सर्वांच्या द्वारें तो तांबूस रंग आपल्या डोळ्यांत लहानपणापासून बसलेला आहे. पुण्याच्या तांबट आळींतले कारागीर तांब्याच्या भांड्यावर हातोडीनें शेंकडों ठोके देऊन जें मठारकाम करितात, त्याची ख्याति दूरवर आहे. बहुतेक धातु पांढरट किंवा करड्या. खरा रंग काय तो सोन्यास व तांब्यास. त्यांतही सोन्याच्या झळाळींत श्रीमंती दिसते, तर तांब्याच्या लालींत चुलीची ऊब दिसते. वाद्यांच्या बाबतींतही तांबें नवें नाहीं. इंग्रजी फौजेचा बिगुल तांब्याचाच करीत व त्यास पितळी कांठ लावीत. अमेरिकेंत एल्कहार्ट येथील कॉन कंपनीनें विजेच्या साह्यानें सांच्यावर शुद्ध तांबें बसवून, सांधा नसलेले कॉर्नेटचे भोंगे तयार केले होते. आणि ज्यास आपण पितळ म्हणतों त्यांतही साधारणपणें शंभरांत सत्तर भाग तांबेंच असतें, उरलेलें जस्त. तांब्याचें प्रमाण पंचाऐंशी किंवा नव्वदपर्यंत वाढविलें कीं पितळेचा पिंवळेपणा जाऊन तें लालसर होतें. सारांश, आपल्या कॉर्नेटच्या अंगांत तांबें आधींच भरलेलें आहे. मुलाम्यानें तें फक्त डोळ्यांस दिसूं लागेल.

घंटेच्या धातूंतही चार भाग तांब्यास सुमारें एक भाग कथील असतें. 1739 सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतल्यावर तेथील देवळांच्या घंटा देशावर नेण्यांत आल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळांत, भीमाशंकरास आणि वाईजवळ मेणवली येथें त्या टांगलेल्या आहेत. देऊळ बदललें, भक्त बदलले, पण घंटेचा नाद तोच राहिला. वरचा साज व आंतला नाद यांचा भेद ओळखण्यास याहून चांगलें उदाहरण मला सुचत नाहीं.

मुलामा चढवितात कसा, तेंही थोडक्यांत सांगतों. वाद्य पूर्णपणें सुटें करावें लागतें. पिस्टन, स्प्रिंगा, बुचें, बनातीच्या चकत्या हें सर्व काढून ठेवितात; जुनें रोगण उतरवितात; पोचे आंतून दांड्यानें हळूहळू उठवितात; आणि अंग घांसून आरशासारखें करितात. मग मोरचूद व गंधकाम्ल यांच्या पाण्यांत वाद्य एका बाजूस व शुद्ध तांब्याचा पत्रा दुसऱ्या बाजूस टांगून वीज सोडितात. पत्र्यांतील तांबें पाण्यांत उतरतें व पाण्यांतील तांबें वाद्याच्या अंगावर बसतें. सर्वसाधारण मुलाम्याचा थर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका, म्हणजे माणसाच्या केंसाहूनही पातळ असतो. भोंग्याचा पत्रा स्वतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. त्या मानानें हा थर म्हणजे भिंतीवरचा चुना.

यांत दोन धोके आहेत, ते दात्यांस व समितीस कळले पाहिजेत. पहिला असा कीं, चकाकी आणण्याच्या भरांत कारागिरानें जुना पत्रा फार घांसला, तर तो झिजून पापुद्र्यासारखा होतो. मग त्यावर तांबें चढवा कीं सोनें, वाद्य कमजोर झालें तें झालेंच. दुसरा असा कीं, पिस्टनच्या घरांत किंवा सरकत्या नळ्यांवर तांबें बसूं दिलें, तर जेथें केंसाइतकीच जागा असते तेथें तीही उरत नाहीं व सर्व चालणारे भाग अडकून बसतात. ह्या जागा झांकून घेणारा कारागीरच पाहिला पाहिजे. माउथपीसवर तर तांबें मुळींच ठेवूं नये. ओंठांस लागणाऱ्या भागावर चांदीचाच मुलामा योग्य.

आतां मुख्य प्रश्न. तांब्यानें आवाज सुधारतो काय? पुष्कळ वादक शपथेवर सांगतात कीं तांब्याच्या भोंग्याचा स्वर अधिक ऊबदार येतो. मी त्यांस खोटें म्हणत नाहीं; परंतु परीक्षा काय सांगते तें पाहिलें पाहिजे. कॉर्नेटमध्यें मुख्यतः वाजते ती नळींतली हवा. वादकाच्या ओंठांचें कंपन हवेच्या त्या साडेचार फुटी स्तंभास डोलवितें, आणि त्या स्तंभाचा आकार जसा असेल तसा स्वर निघतो. नळीची रुंदी, तिचें फांकणें, माउथपीसची खोली, सांध्यांची घट्टाई, हीं खरीं कारणें. नळीच्या भिंतीही किंचित् थरथरतात व त्यांचा थोडा परिणाम स्वरावर होतो, असें कांहीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. परंतु इंग्लंडांत ट्रॉम्बोनचे निरनिराळ्या जाडीचे भोंगे, व त्यांत एक शुद्ध तांब्याचा, घेऊन निष्णात वादकांकडून ते न पाहतां वाजवून घेतले, तेव्हां त्यांस कोणता कोणता हें ओळखतां आलें नाहीं. संपूर्ण तांब्याच्या भोंग्याची ही कथा. मग चुन्यासारख्या पातळ थराची काय गोष्ट सांगावी? तेव्हां जे म्हणतात कीं मुलाम्यानें बेसूर वाद्य सुरांत येत नाहीं, त्यांचें म्हणणें अगदीं बरोबर आहे.

पण येवढ्यावरून मुलामा निरर्थक ठरत नाहीं. वाद्य जसें कानांशीं बोलतें तसें तें डोळ्यांशींही बोलतें, आणि मुलांच्या बाबतींत तर आधीं डोळ्यांशीं बोलतें. अमेरिकेंतला जगप्रसिद्ध वादक लुई आर्मस्ट्रॉंग 1913 सालीं न्यू ऑर्लीन्स येथील अनाथ मुलांच्या सुधारगृहांत होता. तेथें पीटर डेव्हिस नांवाच्या शिक्षकानें त्यास आधीं बिगुल व मग कॉर्नेट हातीं दिला. घाणीनें हिरवा पडलेला तो बिगुल आपण घांसूनपुसून लखलखीत केला, असें त्यानें पुढें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. वाजविण्याच्या अगोदर तें पोर वाद्य घांसावयास बसलें! ज्या वस्तूवर हात फिरवावासा वाटतो, ती वस्तु मूल खालीं ठेवीत नाहीं. आपल्या तालमीस येणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षीं उतरत आहे हें आपण पाहतच आहां. लग्नांत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहूं लागल्यापासून बॅंडची गरजच काय, असें विचारणारेही निघाले आहेत. अशा वेळीं मिरवणुकीच्या अग्रभागीं तांबूस झळाळणारा एक कॉर्नेट पाहून चार मुलांना, आणि मी आवर्जून म्हणतों, चार मुलींनाही, तो हातीं घ्यावासा वाटला, तर मुलाम्याचें मोल वसूल झालें असें मी समजेन.

शृंगाराचा पवित्र गोष्टींशीं कांहीं संबंध नाहीं, असेंही नाहीं. गणना या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायांत देवानें मोशेला दोन तुताऱ्या करण्यास सांगितलें, त्या चांदीच्या व ठोकून घडविलेल्या असाव्या असें स्पष्ट सांगितलें. पण त्याच ठिकाणीं त्या कशासाठीं वाजवाव्या हेंही सांगितलें आहे: मंडळीस एकत्र बोलावण्यासाठीं, तळ हलविण्यासाठीं, सणांच्या दिवशीं देवापुढें स्मरणासाठीं. धातु सांगितली ती कामाच्या सोबतीनें. उलट संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत प्रीति नसलेल्या वक्त्यास नाद करणाऱ्या धातूची उपमा दिली आहे. आणि तेथील मूळ ग्रीक शब्द तांबें व तांब्याचे मिश्रधातु या दोहोंसही लागतो. म्हणजे आपल्या कॉर्नेटचें नांव, बरें म्हणा वाईट म्हणा, पवित्र शास्त्रांत गोंवलेलें आहे. प्रीति असेल तर तो तुतारी. नसेल तर नुसता खणखणाट.

देवळांत बॅंडनें कोठवर यावें, याविषयींही पवित्र ख्रिस्तसभेनें विचार केलेला आहे. पोप दहावे पायस यांनीं 22 नोव्हेंबर 1903 रोजीं, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, जें आज्ञापत्र काढिलें, त्यांत देवळांत बॅंड वाजविण्यास सक्त मनाई केली होती. विशेष प्रसंगीं महागुरूंच्या संमतीनें मोजकीं सुषिर वाद्यें चालतील, आणि देवळाबाहेरील मिरवणुकींत बॅंड असल्यास त्यानें ऐहिक गाणीं वाजवूं नयेत, असा दंडक घालून दिला होता. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 4 डिसेंबर 1963 रोजीं उपासनेविषयींचें संविधान प्रसिद्ध केलें. त्यांत ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र कार्यास योग्य अशीं इतर वाद्येंही अधिकाऱ्यांच्या संमतीनें चालतील असें ठरविलें. दार उघडलें, पण उंबरठा ठेविला. तो उंबरठा ओलांडतांना वाद्य किती झळकतें हें कोणी विचारीत नाहीं. तें प्रार्थनेस साह्य करितें कीं विघ्न आणितें, हेंच विचारतात.

आणि साह्य करावयाचें तर शिक्षण पाहिजे. गोव्याच्या धर्मग्राम शाळांत संगीताचे मेस्त्री मुलांस वाद्य हातीं देण्यापूर्वीं स्वरलिपि वाचावयास व गळ्यानें म्हणावयास शिकवीत. त्या शिस्तींतून निघालेले वादक पोलिसांच्या व पलटणींच्या बॅंडांत, मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांत गाजले. अल्दोन येथील अंतोनियो झेवियर वाझ, ज्यांस लोक चिक चॉकलेट म्हणत, ते 1951 सालच्या 'अलबेला' चित्रपटांत आपल्या वादकांसह झळकले. त्या चित्रपटाचे संगीतकार आपले सी. रामचंद्र. लोकांनीं पाहिली ती झळाळी. तिच्यामागें होती ती धर्मग्राम शाळेंतली पट्टी व स्वरलिपीची वही. आर्बां या फ्रेंच शिक्षकानें 1864 सालीं प्रसिद्ध केलेलें कॉर्नेटचें शिक्षणपुस्तक आजही जगभर वापरतात. दीडशें वर्षांवर होऊन गेलीं, कॉर्नेटांचे मुलामे किती आले व गेले, पण पुस्तक टिकलें.

आतां आपल्या कॉर्नेटविषयीं एक गोष्ट सांगतों, जी कदाचित् दात्यांस ठाऊक नसेल. या वाद्याचे पिस्टन झिजलेले आहेत. पिस्टन व त्याचें घर यांमध्यें जेवढी फट असावी त्याहून पुष्कळ अधिक झाली आहे, आणि तींतून हवा निसटते. खालचे स्वर फुसफुसतात, वरचे स्वर घसरतात. सध्यां जें मूल हें वाद्य शिकत आहे, त्यास लोक म्हणतात कीं पोराला दम नाहीं. बंधुभगिनींनो, मी त्या मुलास दुसऱ्या कॉर्नेटवर वाजवावयास लावून पाहिलें आहे. त्याचा दम पुरेसा आहे. दम नाहीं तो पिस्टनांत. फुटक्या घागरीनें पाणी भरावयास लावून मुलाला आळशी म्हणण्यासारखें हें झालें. असें आणखी एक वर्ष चाललें तर तें मूल वाद्य खालीं ठेवील, आणि मग कॉर्नेट कितीही शृंगारा, तो कपाटांतच शोभेल.

यास उपाय आहे, आणि गंमत अशी कीं तो उपायही मुलाम्याचाच आहे. झिजलेल्या पिस्टनवर विजेच्या साह्यानें निकेलाचा, आणि झीज फार असल्यास त्याखालीं तांब्याचा थर चढवितात; मग तो थर अगदीं बारकाईनें घांसून पिस्टन आपल्या घरांत तंतोतंत बसता करितात. तेलाचा एक पापुद्रा राहील इतकीच जागा ठेवितात. हें काम बाहेरून कोणास दिसत नाहीं. मिरवणूक पाहणाऱ्या हजार माणसांपैकीं एकासही तें कळणार नाहीं. परंतु वाद्य पुन्हां बोलूं लागतें तें यानेंच. बाहेरच्या तांब्यानें डोळे सुखावतात; आंतल्या थरानें श्वासाचें सोनें होतें.

म्हणून माझी सूचना अशी आहे. दात्यांच्या देणगींतून प्रथम पिस्टनांचें काम करावें, सांधे व पाण्याची झडप तपासून हवा कोठेंही निसटणार नाहीं असें करावें, आणि पोचे काढावे. त्यानंतर, पत्रा फार घांसूं न देतां, बाहेरून तांब्याचा मुलामा द्यावा व त्यावर पारदर्शक रोगण बसवावें. वेलबुट्टी सुखेनैव कोरावी. पण ती मुलामा चढण्यापूर्वीं कोरावी, नाहीं तर कोरलेल्या रेघांतून पितळ उघडें पडेल. महोत्सवाचें साल भोंग्यावर असूं द्यावें. दात्यांच्या आईवडिलांच्या नांवांचीं आद्याक्षरें मात्र, त्यांची संमति असल्यास, मेंढपाळाच्या आंकडीच्या आंतल्या बाजूस कोरावीं, जेथें तीं फक्त वाजविणाऱ्यास दिसतील. उरलेल्या रकमेंतून नवशिक्यांसाठीं एक साधा कॉर्नेट घ्यावा. मीरत शहरांतील जली कोठी भागांत बॅंडचीं वाद्यें पिढ्यान्‌पिढ्या बनतात. तेथून तो आणितां येईल. या सर्वांचें अंदाजपत्रक मीं समितीकडे दिलें आहे.

याशिवाय एक अट मी घालूं इच्छितों. तांब्याचा हा कॉर्नेट स्मारक म्हणून कांचेच्या कपाटांत जाऊं नये. तालमीचें वाद्य तें तालमींतच राहावें. त्याच्या निगेविषयींही दोन शब्द सांगतों. हवा व घाम लागून तांबें आधीं तपकिरी होतें, मग काळवंडतें, आणि ओल राहिली तर त्यावर हिरवा कळंक चढतो. आपल्या बायाबापड्या तांब्याचीं भांडीं चिंचेनें व राखेनें घांसून लख्ख करितात. कॉर्नेटला तो उपचार कोणी कृपा करून करूं नये. भांड्याचें तांबें जाड असतें म्हणून चालतें. येथें दोनचार वेळां चिंच लावली कीं मुलामा उतरून पितळ उघडें पडलेंच समजा. वाजवून झाल्यावर आंतलें पाणी काढून टाकावें, मऊ फडक्यानें अंग पुसावें, पिस्टनास तेल द्यावें, आणि वाद्य पेटींत ठेवावें. हें रोजचें पुसणें ज्या मुलाच्या अंगवळणीं पडेल, त्याला वाद्याची आवड निराळी शिकवावी लागणार नाहीं.

जे बांधव या देणगीस डामडौल म्हणतात, त्यांस माझी विनंती आहे कीं त्यांनीं दात्यांच्या अंतःकरणाकडे पाहावें. ज्या आईवडिलांचे ते स्मरण करूं इच्छितात, त्यांच्या दफनविधीच्या वेळीं याच कॉर्नेटवर गीत वाजलें होतें. आपल्या दुःखांत जो साथीला होता त्यास आनंदाच्या दिवशीं चांगलें वस्त्र घालावें, ही इच्छा अगदीं स्वाभाविक आहे. आणि दात्यांस माझी विनंती अशी कीं, वस्त्राच्या आधीं त्यांनीं अंगांत जीव घालावा. दोन्ही गोष्टी एकाच देणगींत होतात, तर दोन पक्षांस भांडण्याचें कारणच उरत नाहीं.

पन्नास वर्षांत आपल्या देवळासही रंग लागले, फरश्या बदलल्या, वेदीवर नवीन कोरीवकाम झालें. तें सर्व सुंदर आहे. परंतु हें देऊळ उभें आहे तें भिंतींच्या आंत रोज पहांटे मिस्सेस येणाऱ्या माणसांमुळें. कॉर्नेटचेंही तसेंच आहे. पुढच्या सणाला मिरवणूक निघेल तेव्हां उन्हांत तो झळकावा, अशी माझीही इच्छा आहे. मात्र त्याच्या मागें जो मुलगा किंवा जी मुलगी उभी असेल, तिचा श्वास कोठेंही न निसटतां शेवटच्या घरापर्यंत पोंचावा.

संत सिसिलिया आपल्या बॅंडसाठीं प्रार्थना करो, आणि प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांचें, विशेषेंकरून आपल्या मुलांचें, कल्याण करो.